वॉशिंग्टनमधले तीन दिवस : डॉ. गमलियेल बेली आणि १८४८ चा जमाव

१८४८ साली वॉशिंग्टनच्या सातव्या रस्त्यावर, पेटंट ऑफिसच्या भव्य इमारतीसमोर, ‘नॅशनल एरा’ या साप्ताहिकाची कचेरी होती. १८ एप्रिलच्या मंगळवारी संध्याकाळी तिथे माणसं जमू लागली. अंधार पडला तसे दगड यायला लागले, खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि आत शिरून छापखाना उद्ध्वस्त करायची भाषा सुरू झाली. कचेरी त्या रात्री वाचली, कारण शहराच्या रात्रपहाऱ्याचा कप्तान जॉन गोडार्ड आपली माणसं घेऊन वेळेवर आडवा आला. जमाव पांगला, पण मनातून निवला नव्हता.

आरोप साधा होता. तीन रात्रींपूर्वी सत्त्याहत्तर गुलाम एका जहाजातून राजधानीबाहेर पळाले होते, आणि त्यामागे ‘एरा’चा संपादक आहे असं लोकांनी धरून ठेवलं होतं. ते खरं नव्हतं. संपादक डॉ. गमलियेल बेली यांचा त्या बेतात हात नव्हता.

खोट्या आरोपावरून जमाव दारात उभा असेल तर संपादकासमोर साधारण दोन गोष्टी असतात. आरोप जाहीरपणे नाकारायचा. आणि वातावरण शांत होईपर्यंत छापखाना दुसरीकडे हलवायचा. बेलींनी पहिली गोष्ट तत्काळ केली. दुसरी करायला त्यांनी साफ नकार दिला, आणि तोही हातात शस्त्र न घेता. हे दोन निर्णय एकाच माणसाने एकाच आठवड्यात कसे घेतले, त्यातून काय साधलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे तपासण्यासाठी हे प्रकरण घेतलं आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी चळवळीचा इतिहास सांगताना बेलींचं नाव सहसा एका प्रसिद्ध कादंबरीच्या तळटीपेत येतं. माझ्या मते तो त्यांच्यावर अन्याय आहे.

डॉक्टर कसा संपादक झाला

बेलींचा जन्म ३ डिसेंबर १८०७ चा, न्यू जर्सीतल्या माउंट हॉलीचा. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. पुढे कुटुंब फिलाडेल्फियाला आलं आणि १८२७ साली, विशी उलटायच्या आत, हा मुलगा तिथल्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडला. पण एका जागी बूड टेकवायची त्यांची तयारी नव्हती. व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून ते चीनपर्यंत जाऊन आले. परतल्यावर बाल्टिमोरला एका मेथडिस्ट पत्राचं संपादन केलं. मग ऑरेगॉनकडे निघणाऱ्या एका मोहिमेच्या भरवशावर सेंट लुइस गाठलं. ती मोहीम फसवी निघाली आणि ते ओहायोतल्या सिनसिनाटीला येऊन थांबले. तिथे कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा परगावच्या, कोणी वाली नसलेल्या रुग्णांसाठी काढलेल्या इस्पितळाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्या काळी कॉलरा कशाने होतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. अशा इस्पितळात पाय ठेवणारा डॉक्टर स्वतःच्या जिवाची बाजी लावूनच आत जात असे.

सिनसिनाटी हे गाव समजून घेतलं पाहिजे. ओहायो नदीच्या उत्तर काठावर गुलामगिरीला बंदी, समोरच्या केंटकीत ती कायदेशीर. गावातल्या व्यापाऱ्यांचं पोट दक्षिणेशी चालणाऱ्या धंद्यावर. तिथल्या लेन सेमिनरी या धर्मोपदेशक घडवणाऱ्या संस्थेत १८३४ साली थिओडोर वेल्ड या विद्यार्थ्याने गुलामगिरीच्या प्रश्नावर सलग अनेक संध्याकाळी वादसभा भरवल्या. बेली तेव्हा सेमिनरीत शरीरशास्त्रावर व्याख्यानं देत होते. त्या सभा ऐकता ऐकता त्यांचं मत पक्कं झालं. सेमिनरीचे प्रमुख होते लायमन बीचर. त्यांची मुलगी हॅरिएट तेव्हा त्याच गावात राहत होती. तिचा संबंध पुढे येईल.

१८३६ मध्ये जेम्स बर्नी यांनी, एकेकाळी स्वतः गुलामांचे मालक असलेल्या गृहस्थाने, ‘फिलॅन्थ्रॉपिस्ट’ हे पत्र सिनसिनाटीत चालवायला घेतलं आणि बेली त्यांचे साहाय्यक झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये जमावाने छापखान्यावर दोनदा हल्ला केला आणि दुसऱ्या वेळी यंत्राचे तुकडे ओहायो नदीत फेकले. पुढच्या वर्षी बर्नी दुसऱ्या कामाला गेले आणि पत्र बेलींच्या खांद्यावर आलं. सप्टेंबर १८४१ मध्ये पुन्हा दंगल झाली. या वेळी जमावाने आधी कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर हल्ला केला, चक्क तोफ आणून डागली, आणि मग छापखान्याकडे मोर्चा वळवला. यंत्र पुन्हा नदीत गेलं. बेलींनी पत्र पुन्हा उभं केलं.

दरम्यान नोव्हेंबर १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या ऑल्टन गावी एलायजा लव्हजॉय हे संपादक आपलं मुद्रणयंत्र राखताना गोळी लागून मारले गेले होते. लव्हजॉय आणि त्यांचे साथीदार सशस्त्र होते. त्या काळातल्या प्रत्येक गुलामगिरीविरोधी संपादकाला हे मरण माहीत होतं, बेलींनाही. म्हणजे १८४८ मध्ये जमाव दारात आला तेव्हा या माणसाने छापखाना डोळ्यांदेखत बुडताना पाहिला होता. त्या रात्री त्यांनी जे केलं ते अजाणतेपणाचं धाडस नव्हतं.

त्यांचं राजकारण वक्त्याचं नव्हतं, पक्ष बांधणाऱ्याचं होतं. लिबर्टी पक्षाच्या उभारणीत ते होते. सिनसिनाटीतले तरुण वकील सॅमन चेस यांना त्या पक्षात ओढण्यात त्यांचा वाटा मोठा. त्यांची मांडणी अशी : गुलामगिरी राज्यांच्या कायद्यावर उभी आहे, केंद्राच्या संविधानावर नाही. तेव्हा जिथे केंद्राची थेट सत्ता आहे तिथे, म्हणजे राजधानीच्या जिल्ह्यात आणि पश्चिमेच्या नव्या भूमीवर, केंद्राने तिला थारा देऊ नये. विल्यम लॉइड गॅरिसनसारख्या बोस्टनच्या कार्यकर्त्यांना हे फारच मवाळ वाटे. त्यांच्या लेखी संविधानच गुलामगिरीशी केलेला सौदा होता. बेलींना संविधान हातातून सोडायचं नव्हतं. गॅरिसनची धार ज्यांना प्रिय आहे त्यांना बेली पुळचट वाटतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना एवढंच सांगायचं की एप्रिल १८४८ मध्ये राजधानीत राहून, दर आठवड्याला, गुलामांच्या मालकांच्या नाकावर टिच्चून अंक काढणारा संपादक मवाळ मांडणीचाच होता.

राजधानीतलं साप्ताहिक

‘नॅशनल एरा’चा पहिला अंक ७ जानेवारी १८४७ ला निघाला. अमेरिकन अँड फॉरेन अँटी-स्लेव्हरी सोसायटीने, त्यातही न्यूयॉर्कच्या लुइस टॅपन यांनी, हे काम बेलींवर सोपवलं होतं. कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर सहसंपादक म्हणून दुरून लिहीत. पत्र वॉशिंग्टनमधूनच निघावं हा आग्रह मुद्दाम होता. दक्षिणेतले खासदार, सिनेटर, कारकून यांच्या टेबलावर ते पडावं, आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, काय चाललं आहे ते उत्तरेला थेट कळावं.

१८५० च्या जनगणनेत राजधानीच्या जिल्ह्यात सुमारे ५१,७०० माणसं मोजली गेली. त्यात ३,६८७ गुलाम होते आणि १०,०५९ स्वतंत्र कृष्णवर्णीय. म्हणजे कृष्णवर्णीयांपैकी बहुतेक स्वतंत्र होते; पण एकाच घरात नवरा स्वतंत्र आणि बायको-मुलं दुसऱ्याच्या मालकीची, असं सर्रास दिसे. कॅपिटॉलच्या नजरेच्या टप्प्यात गुलामांना विक्रीसाठी कोंडून ठेवायचे वाडे होते. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये तंबाखूची जमीन थकली होती. खोल दक्षिणेत कापसाला हात कमी पडत होते. त्यामुळे राजधानी ही माणसं दक्षिणेकडे पाठवणारी मंडी झाली होती. ‘दक्षिणेत विकलं जाणं’ ही तिथल्या प्रत्येक गुलाम घराची रोजची भीती होती.

अशा शहरात बेली सव्वा वर्ष अंक काढत राहिले. भाषा जपून, वाद मुद्द्याला धरून, कोणाची निंदानालस्ती नाही. त्यांच्या पत्नी मार्गारेट मूळच्या व्हर्जिनियाच्या. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी खासदार, लेखक, पाहुणे यांची बैठक जमे. या सव्वा वर्षात त्यांनी जे कमावलं त्याला मी या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू मानतो. विरोधकांकडे त्यांच्याविरुद्ध दाखवायला एकही भडक वाक्य नव्हतं.

पर्ल

गुरुवार, १३ एप्रिल १८४८. फ्रान्समध्ये राजा जाऊन प्रजासत्ताक आलं म्हणून वॉशिंग्टनमध्ये मशालींची मिरवणूक निघाली. व्हाइट हाउससमोरच्या चौकात मिसिसिपीचे सिनेटर हेन्री फूट यांनी जगभरातल्या जुलमी राजवटींचा अंत आणि स्वातंत्र्याचा उदय यावर भाषण ठोकलं. ऐकणाऱ्यांत गुलामही होते.

शनिवारी रात्री सत्त्याहत्तर माणसं एक-एक, दोन-दोन करत पोटोमॅकच्या काठावरच्या एका निर्जन धक्क्यावर आली आणि ‘पर्ल’ नावाच्या शिडाच्या जहाजाच्या तळघरात शिरली. ३८ पुरुष आणि मुलगे, २६ बायका आणि मुली, १३ लहान मुलं. जहाजाचा कप्तान एडवर्ड सेअर्स; ते शंभर डॉलरला ठरवणारा डॅनियल ड्रेटन; सोबत चेस्टर इंग्लिश नावाचा स्वयंपाकी. बेताच्या मुळाशी शहरातलीच काही कुटुंबं होती. त्यातला डॅनियल बेल हा नौदलाच्या गोदीतला लोहार. तो स्वतः स्वतंत्र, पण बायको मेरी आणि मुलांची मुक्तता मालकाच्या मृत्यूनंतर अमान्य ठरवली जात होती आणि ती कधीही विकली जातील अशी वेळ आली होती. पॉल आणि अमेलिया एडमन्सन यांची सहा मुलं त्या तळघरात होती. मेरी आणि एमिली या दोन बहिणी, आणि त्यांचे चार भाऊ.

वाऱ्याने दगा दिला. शनिवारची रात्र जहाज जेमतेम हललं. रविवारी वारा मिळाला, नदीच्या मुखापर्यंत पोचले, पण तिथे उत्तरेचा वारा इतका जोराचा की चेसापीक उपसागरातून वर चढणं अशक्य. पॉइंट लुकआउटजवळ आडोसा धरून त्यांनी नांगर टाकला. इकडे वॉशिंग्टनला रविवारी सकाळी घराघरांतून चूल पेटली नाही तेव्हा मालकांच्या लक्षात आलं. जॉर्जटाउनच्या डॉज कुटुंबाचेही गुलाम गेले होते. त्यांच्याच ‘सेलम’ या आगबोटीवर तीसेक सशस्त्र माणसं चढली. सोमवारी पहाटे अंधारात त्यांनी पर्लला गाठलं.

मंगळवारी सकाळी सगळ्यांना राजधानीत परत आणलं आणि पुरुषांना दोघादोघांना बांधून रस्त्यावरून तुरुंगाकडे चालवत नेलं. वाटेत एक गुलाम-व्यापारी सुरा घेऊन ड्रेटनच्या अंगावर धावला. तुरुंगाबाहेर गर्दी हटेना. कोणावर तरी राग काढायचा होता, आणि ड्रेटन-सेअर्स गजाआड सुरक्षित होते. सातव्या रस्त्यावरची कचेरी मात्र उघडी होती.

तीन दिवस

मंगळवारच्या दगडफेकीनंतर बेलींनी पहिलं काम केलं ते जाहीर निवेदनाचं. ‘एरा’चा या पलायनाशी काहीही संबंध नाही, ही अफवा निराधार आहे, असं त्यांनी शहराला सांगितलं. निवेदन खरं होतं. पण त्या क्षणी ते लिहिणं सोपं होतं असं मी मानत नाही. पर्लवरची माणसं ज्या व्यवस्थेतून पळत होती तिच्याविरुद्धच बेली बारा वर्षं लिहीत होते. त्यांच्यापासून जाहीरपणे हात झटकताना आपल्याच वाचकांना काय वाटेल हे त्यांना कळत होतंच. बोस्टनचे कडवे कार्यकर्ते टीका करणार हेही दिसत होतं.

निवेदनाने गर्दी शमली नाही. बुधवारी पुन्हा माणसं जमली. यात शहरातल्या रिकामटेकड्यांइतकेच सरकारी खात्यांतले कारकूनही होते, आणि हीच गोष्ट अध्यक्ष जेम्स पोक यांच्या कानावर गेली तेव्हा ते अस्वस्थ झाले. पोक स्वतः गुलामांचे मालक. त्यांना बेलींची कणव नव्हती. पण राजधानीत, काँग्रेसचं अधिवेशन चालू असताना, सरकारी नोकरांनी छापखाना फोडला तर त्याचा डाग त्यांच्या कारकिर्दीला लागणार होता. कारकुनांनी यापासून दूर राहावं असा निरोप त्यांनी खात्यांना दिला. महापौर विल्यम सीटन हेही पेशाने वृत्तपत्राचे संपादक; त्यांचीही मदत बंदोबस्ताच्या बाजूने झाली.

याच दिवसांत जमावाने एक समिती निवडून बेलींच्या घरी पाठवली. या भेटीपाशी थोडं थांबायला हवं.

समिती उद्धट नव्हती. त्यात गावातली प्रतिष्ठित माणसं होती, वकील होते. त्यांचं म्हणणं साधारण असं : तुम्ही पलायनात सामील नव्हता हे आम्हाला मान्य आहे. पण शहर पेटलं आहे, लोक ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत, तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या जिवाला धोका आहे. छापखाना इथून हलवा. आम्ही मध्ये आहोत तोवर काही होणार नाही, नंतरचं सांगता येत नाही.

सभ्य, काळजीच्या सुरातली, जवळजवळ मैत्रीची मागणी. असल्या मागणीला नाही म्हणणं दगडांना तोंड देण्यापेक्षा अवघड असतं. धमकी देणाऱ्यावर रागावता येतं. काळजी दाखवणाऱ्याला नकार देताना आपणच हेकट वाटू लागतो.

बेलींनी उत्तर दिलं त्याचा आशय असा : तुम्ही माझ्याकडे छापखाना मागत नाही, संविधानाने दिलेला हक्क मागता आहात. तो मी वापरला, त्याचा गैरवापर केला नाही, हे तुम्हीच मान्य करता. तो टिकण्यात माझं जेवढं हित आहे तेवढंच तुमचंही आहे. मग मी तो सोडावा, आपल्या हाताने आपली मानहानी करून घ्यावी, असं तुम्ही मला कसं सांगू शकता? समितीने परोपरीने समजावलं. ते ढळले नाहीत. कायद्याच्या राज्याची राजधानी आहे. कायद्याने मला थांबवा, जमावाच्या सांगण्यावरून मी थांबणार नाही, हीच त्यांची भूमिका.

इथे मला निवेदनाचं महत्त्व कळतं. पलायनाचा प्रश्न त्यांनी आदल्याच दिवशी बाजूला काढला होता. त्यामुळे समितीला त्यावर बोलायला जागाच उरली नाही. उरला तो एकच विषय : कोणताही गुन्हा न केलेल्या माणसाने, केवळ त्याचं मत आवडत नाही म्हणून, लिहिणं थांबवावं का? बेलींनी स्वतःला सगळ्यांत अरुंद पण सगळ्यांत भक्कम जागेवर नेऊन उभं केलं. समितीतले वकील या प्रश्नाला ‘हो’ म्हणू शकले असते, पण मग उद्या तोच नियम त्यांच्याही पत्रांना लागला असता.

जमाव तरीही घरापर्यंत आला. बेली बाहेर आले आणि बोलले. हातात काही नव्हतं. मी तुमच्यातलाच एक नागरिक आहे, मी काय केलं ते सांगतो, ऐकून घ्या, अशा सुरात. त्यानंतर गर्दीच्याच बाजूच्या एका वक्त्याने लोकांना परतायला सांगितलं. बाहेर बंदोबस्त होता, वरून अध्यक्षांचा निरोप होता, आणि समोरचा माणूस ना घाबरत होता ना चिडत होता. तिसऱ्या दिवसअखेर उठाव विझला. ‘एरा’ दर गुरुवारी निघे. त्या आठवड्याचा गुरुवार २० एप्रिलला, म्हणजे नेमका या दंग्याच्या तिसऱ्या दिवशी आला. पत्र बंद पडलं नाही, आणि पुढची बारा वर्षं वॉशिंग्टनमधूनच निघत राहिलं.

भाषणाने जमाव जिंकला असं चित्र नंतर रंगवलं गेलं. मला ते अपुरं वाटतं. सिनसिनाटीतही बेली शूरच होते, तरी यंत्रं नदीत गेली, कारण तिथे गावचे कर्तेधर्ते जमावाच्या बाजूला होते आणि पोलीस नावालाच होते. वॉशिंग्टनमध्ये गोडार्डची माणसं उभी राहिली म्हणून बेलींना बोलायला तीन दिवस मिळाले.

सिनेटमधला वाद

गुरुवारी हा वाद कॅपिटॉलमध्ये शिरला. न्यू हॅम्पशायरचे सिनेटर जॉन हेल यांनी एक विधेयक मांडलं : राजधानीच्या जिल्ह्यात जमावाने कोणाच्या मालमत्तेची नासधूस केली तर भरपाई नगरपालिकेने द्यावी. शेजारच्या मेरीलँडमध्ये असा कायदा होताच. विधेयकात गुलामगिरी हा शब्दही नव्हता. तरी दक्षिणेचे सिनेटर खवळले. जॉन कॅल्हून यांना त्यात बंडाची चाहूल लागली. आणि आठवडाभरापूर्वी स्वातंत्र्याच्या उदयावर बोललेले फूट उठून हेल यांना म्हणाले की तुम्ही मिसिसिपीत या. तिथल्या उंचात उंच झाडाला तुमच्या गळ्यातला दोर बांधला जाईल, आणि गरज पडली तर मी स्वतः हातभार लावेन. त्यांचं ‘हँगमन फूट’ हे नाव तिथून पडलं. हेल यांनी शांतपणे त्यांना न्यू हॅम्पशायरच्या एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात यायचं निमंत्रण दिलं, जिथे लोक वाद घालतील, फाशी देणार नाहीत. इलिनॉयचे स्टीफन डग्लस यांनी दक्षिणेच्या मंडळींना बजावलं की असल्या बोलण्याने तुम्ही उत्तरेत हेलचीच मतं वाढवता आहात.

विधेयक पुढे सरकलं नाही. पण उत्तरेतल्या ज्या वाचकाला गुलामगिरी हा दूरचा प्रश्न वाटत होता, त्याला या आठवड्यात कळलं की तो आपल्या तोंडाला कुलूप घालायलाही येऊ शकतो. बेलींनी आपला प्रश्न अरुंद ठेवला होता त्याचं हे फळ. त्याच ऑगस्टमध्ये बफेलोला, पश्चिमेच्या नव्या भूमीवर गुलामगिरी नको म्हणणारा, फ्री सॉइल पक्ष उभा राहिला, आणि ‘एरा’ त्याच्या बाजूने लढला.

किंमत कोणी मोजली

इथवर प्रकरण एका संपादकाच्या विजयाचं वाटतं. ते तसंच सोडून देणं मला मंजूर नाही.

ज्या आठवड्यात शहराचा पहारा, महापौर आणि अध्यक्ष एका गोऱ्या संपादकाच्या छापखान्याभोवती उभे राहिले, त्याच आठवड्यात तेच शहर, तोच कायदा आणि तेच तुरुंगाधिकारी पर्लवरच्या माणसांना व्यापाऱ्यांच्या हवाली करत होते. बाल्टिमोरचा व्यापारी होप स्लॅटर याने त्यातल्या बऱ्याच जणांना विकत घेतलं. न्यूयॉर्कचे खासदार जॉन स्लिंगरलँड यांनी स्टेशनावर पाहिलेलं दृश्य लिहून ठेवलं आहे : रेल्वेच्या डब्यात सुमारे पन्नास माणसं भरली आहेत, बाहेर त्यांचे नातलग रडत आहेत, डब्याच्या दारातून त्यांना दूर सारलं जात आहे, आणि सिनेटचा धर्मगुरू त्या व्यापाऱ्याशी हस्तांदोलन करतो आहे. संविधानाने दिलेल्या हक्काचा हवाला बेली देऊ शकत होते, कारण संविधान त्यांना माणूस मानत होतं. डब्यातल्या कोणालाही असा हवाला देता येत नव्हता.

बेलींनी हात झटकले म्हणून ती माणसं विकली गेली, असं म्हणता येणार नाही. ती पकडली गेली त्याच क्षणी त्यांचं भवितव्य मालकांच्या हातात गेलं होतं. बेलींनी पलायनाची बाजू घेऊन छापखाना गमावला असता तरी स्लॅटरचा डबा निघालाच असता. पण ‘एरा’ वाचला त्या गोष्टीत पर्लवरच्यांना फक्त निमित्ताची जागा मिळते, हे मला आजही खुपतं.

ड्रेटन आणि सेअर्स यांच्यावर प्रत्येकी ७६,००० डॉलरचा जामीन लावला गेला. सरकारी वकील फिलिप बार्टन की. बचावाला शिक्षणसुधारक आणि खासदार होरेस मान उभे राहिले. चोरीचा आरोप टिकला नाही, पण गुलाम पळवून नेल्याबद्दल हजारो डॉलरचा दंड झाला आणि तो भरता येत नाही म्हणून दोघे चार वर्षांहून अधिक तुरुंगात राहिले. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स सम्नर यांच्या खटपटीने ऑगस्ट १८५२ मध्ये अध्यक्ष फिलमोर यांनी माफी दिली. ड्रेटन शरीराने आणि मनाने खचला होता. १८५७ मध्ये त्याने आत्महत्या केली.

एडमन्सन बहिणींना अलेक्झांड्रियाच्या ब्रुइन अँड हिल या पेढीने विकत घेऊन न्यू ऑर्लिन्सला नेलं. तिथे पीतज्वराची साथ आली म्हणून माल वाचवायला त्यांना परत आणलं. म्हातारे पॉल एडमन्सन पैशांसाठी न्यूयॉर्कला गेले. ब्रुकलिनचे धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर यांनी सभा घेऊन निधी जमवला आणि २,२५० डॉलर मोजून नोव्हेंबर १८४८ मध्ये दोघी मोकळ्या झाल्या.

वाचलेला छापखाना

हेन्री वॉर्ड बीचर हे सिनसिनाटीच्या लायमन बीचर यांचे पुत्र; हॅरिएट त्यांची बहीण. १८५१ मध्ये हॅरिएट बीचर स्टो यांनी बेलींना कळवलं की गुलामगिरीवर एक गोष्ट लिहिते आहे, तीन-चार अंकांत संपेल. बेलींनी ३०० डॉलर मानधन ठरवलं. ५ जून १८५१ ला ‘अंकल टॉम्स केबिन’चा पहिला भाग ‘एरा’त आला आणि १ एप्रिल १८५२ ला शेवटचा. मध्ये दहा महिने गेले. गोष्ट वाढत गेली, बेलींनी आवरतं घ्यायला भाग पाडलं नाही. पुस्तक निघाल्यावर पहिल्याच वर्षी अमेरिकेत तीन लाखांच्या आसपास प्रती खपल्या. एडमन्सन बहिणींना ओहायोतल्या ओबरलिनला शिकायला स्टो यांनी मदत केली. मेरी तिथेच १८५३ मध्ये क्षयाने गेली, एमिली वॉशिंग्टनला परतून कृष्णवर्णीय मुलींच्या शाळेत काम करू लागली. कादंबरीला पुरावे देण्यासाठी स्टो यांनी दुसरं पुस्तक लिहिलं, त्यात या कुटुंबाची हकीगत आहे.

या लढ्याची खबर पुढे आपल्याकडेही पोचली. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली तेव्हा ती युनायटेड स्टेट्समधल्या ज्या लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी निरपेक्ष बुद्धी दाखवली त्यांना अर्पण केली, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तो कित्ता घ्यावा अशी आशा तिथेच लिहिली. बेलींचं नाव त्या अर्पणपत्रिकेत नाही. तरी त्या लोकांची मोजदाद करायची तर त्यांचं नाव पहिल्या ओळीत यावं, असं मला वाटतं.

जानेवारी १८५४ मध्ये, पश्चिमेच्या नव्या भूमीत गुलामगिरीला वाट मोकळी करणाऱ्या कॅन्सस-नेब्रास्का विधेयकाविरुद्ध चेस, सम्नर, गिडिंग्ज प्रभृतींचं आवाहन ‘एरा’त छापून आलं, आणि त्यातून पेटलेल्या रागाने उत्तरेत रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. बेलींची तब्येत मात्र ढासळत होती. हवापालट म्हणून युरोपला निघाले असताना ५ जून १८५९ ला ‘अरागो’ या आगबोटीवर, समुद्रातच, त्यांचा मृत्यू झाला. वय ५१. मार्गारेट यांनी पत्र चालवायचा प्रयत्न केला, पण पुढच्या वर्षी ‘एरा’ बंद पडला.

१६ एप्रिल १८६२ ला राजधानीच्या जिल्ह्यातली गुलामगिरी कायद्याने संपली. बेली १८४७ पासून हीच मागणी लावून धरत आले होते : जिथे केंद्राची सत्ता, तिथे गुलामगिरी नाही. हेल तेव्हा सिनेटमध्येच होते आणि चेस अर्थमंत्री. कायद्याने भरपाई ठरवली, माणशी ३०० डॉलरपर्यंत. ती मालकांना मिळाली.